बांध पेटविण्यापूर्वी

होळी उलटून गेली, रब्बीची ज्वारी मळून घरात आली, कडबा गंजीला लागला, की आपल्या पठारावरील गावांतून एक ठराविक दृश्य दरवर्षी दिसावयास लागते. दिवस कलला म्हणजे शिवारात कोठे ना कोठे धुराची एक रेघ उठते. थोड्या वेळाने ती रेघ लांबते, बांधाच्या वळणाने वळते आणि अंधार पडल्यावर त्या जागी एक तांबूस साखळी धुमसत राहते. विचारावे तर उत्तर ठरलेले असते : बांध साफ करीत आहोत. साफ म्हणजे काय आणि कशापासून, हा पुढचा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मीही पुष्कळ वर्षे विचारला नव्हता.

ह्या लेखात मी जे मत मांडणार आहे ते सर्वांना पटेल असे नाही. आमच्याच व्यवसायातील काही अनुभवी मंडळींना ते पटत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु उन्हाळ्याच्या तोंडी हा विषय निघाला तरच त्याचा काही उपयोग. श्रावणात बांध हिरवा झाल्यावर तो काढण्यात अर्थ नाही.

प्रथम माझी स्वतःची चूक सांगतो. सुमारे दहा वर्षांपूर्वी, नोकरीच्या अगदी आरंभी, बालाघाटाच्या रांगेखालील एका कोरडवाहू तालुक्यात माझी नेमणूक होती. खरिपाच्या पूर्वतयारीची सभा गावच्या चावडीत भरली. मी फळ्यावर नेहमीच्या सूचना लिहिल्या : खोल नांगरट करावी, धसकटे वेचावीत, बियाण्याची उगवणशक्ती तपासावी आणि शेवटी, बांध स्वच्छ ठेवावेत. महाविद्यालयात शिकलो होतो तेच लिहिले. बांध स्वच्छ कसा ठेवावा, कोणते झुडूप काढावे आणि कोणते ठेवावे, ह्याविषयी मी अवाक्षरही बोललो नाही. कारण त्याचा मी कधी विचारच केला नव्हता.

त्या सभेस एक वयोवृद्ध शेतकरी पहिल्या रांगेत बसले होते. सारा गाव त्यांना आबा म्हणे. वैशाखातल्या एका दुपारी त्यांनी बांध पेटविला. वारा फिरला. जाळ बांधावरून शेजारच्या रानात उतरला आणि पाहता पाहता त्यांच्या चुलतभावाच्या कडब्याच्या गंजीला भिडला. दोन बैलांची व दोन गाईंची वर्षाची वैरण तासाभरात गेली. बांधालगत चार वर्षांची पाच केशर आंब्याची झाडे होती. त्यांच्या बांधाकडील अंगाच्या साली तडकल्या आणि त्यांतली तीन पुढे वाळली. ठिबकच्या नळ्या वितळून मातीला चिकटल्या. दुसऱ्या दिवशी मी पाहणीस गेलो तेव्हा जळलेल्या गवताच्या बुडख्यापाशी तित्तिराची करपलेली अंडी पडली होती. आबा बांधावरच बसून होते. ते एवढेच म्हणाले, "साहेब, तुमच्या फळ्यावर लिहिलं होतं. आम्ही साफ केला." त्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते मला आजवर विसरता आलेले नाही. दोन्ही घरांतील बोलणे त्यानंतर तीन वर्षे बंद होते.

तेव्हापासून बांध ह्या वस्तूकडे मी नीट पाहू लागलो. चौरस आकाराच्या एका एकराची बाजू सुमारे २०९ फूट भरते, म्हणजे चहूबाजूंचा घेर सुमारे ८३५ फूट. चार फूट रुंदीचा सामाईक बांध धरला, तर आपल्या वाट्यास त्याची दोन फूट रुंदी येते. हिशेब केल्यास ही जागा १,६७० चौरस फूट, म्हणजे सुमारे दीड गुंठा होते. एकरात दीड गुंठा ही काही लहान जागा नव्हे. ती आपण पेरीत नाही, तिला खत घालीत नाही, तिची मशागत करीत नाही. तरीही ती वर्षभर काही ना काही देत असते. असे असताना तिच्यासाठी आपण वर्षातून एकदा जे काम करतो ते काडी ओढण्याचे.

बांध जाळण्याची जी कारणे शेतकरी सांगतात ती मी मनापासून ऐकली आहेत. ती खोटी नाहीत. परंतु जाळाने ती साधत नाहीत, असे माझे मत बनले आहे. तण मरते असे म्हणतात. शेतात ज्या तणांचा खरा त्रास होतो ती हरळी, लव्हाळा आणि कुंदा. ह्या तिघांचा जीव जमिनीखाली असतो. लव्हाळ्याचा गाठीत, हरळी-कुंद्याचा काशांत. वरचे वाळके पाते जळले तरी मृगाच्या सरीबरोबर तीच तणे सर्वांआधी फुटतात, आणि त्यांच्याशी स्पर्धा करणारे चांगले गवत मात्र नाहीसे झालेले असते. नाकतोड्यांची अंडी मरतात असे म्हणतात. नाकतोडा अंडी घालतो ती मातीत खाली, पुंजक्याने. गवताचा जाळ क्षणभराचा; त्याची धग वरच्या थरातच विरते. ती अंडी नष्ट करावयाची तर बांधाची कड कुदळीने खरवडून माती उन्हात पसरावी लागते, म्हणजे ऊन आणि पक्षी उरलेले काम करतात. उंदीर पळतात असे म्हणतात. उंदीर बिळात असतो. धूर ओसरला की बाहेर येतो. त्याला खाणारी धामण आणि मुंगूस मात्र आडोसा गेल्यामुळे तेथून निघून जातात.

गवत जोमाने फुटते, हे आणखी एक कारण. जळलेल्या बांधावर कोवळी पाती लवकर दिसतात हे खरे. पण दिसतात ती कोणाची? बहुधा कुसळीची. कुसळीच्या बियांना पिळदार कुसे असतात. ओल लागली की ती फिरतात आणि बी स्क्रूप्रमाणे मातीत शिरते. म्हणून ते जाळातून वाचते. पवना आणि मारवेल ह्यांसारखी जनावरांना आवडणारी गवते वारंवार जाळलेल्या जागी हळूहळू हटतात आणि कुसळी वाढते. फुलोऱ्यावर आलेल्या कुसळीला गुरे तोंड लावीत नाहीत आणि तिची कुसे मेंढ्यांच्या लोकरीत व कातडीत रुततात, हे मेंढपाळांना मी सांगावयास नको. दरवर्षी बांध जाळणारा शेतकरी आपल्या हाताने वैरणीचा बांध कुसळीचा करीत असतो.

राखेचे खत होते असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की पालापाचोळ्यातील नत्राचा बहुतेक भाग जळताना हवेत जातो. उरलेल्या राखेत पालाश व चुना असतो खरा; पण वैशाखातील वावटळ किंवा पहिला वळीव ती राख बांधावर राहू देत नाही. आणि वळिवाचा पाऊस कसा असतो हे आपण जाणतो. मोठे थेंब, जोराचा मारा, अर्ध्या तासात ओढ्याला पाणी. अशा पावसाला उघडा, भाजलेला, मुळे सैल झालेला बांध सापडला, की त्याला प्रथम बारीक ओघळ पडतात, नंतर एखादे ठिकाण खचते आणि तेथून वरच्या शेतातील माती खाली चालू लागते. सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधनाचा आरंभ १९३३ साली झाला, त्याला नव्वद वर्षे होऊन गेली. समपातळीत बांध घाला हा सल्ला तेव्हापासून आपण देत आलो. १९७२ च्या दुष्काळात हजारो हातांनी जे बांध घातले ते मातीचेच होते. त्या मातीला धरून ठेवणारा गवताच्या मुळांवाचून दुसरा गिलावा नाही.

आता बांधावर उन्हाळ्यात असते तरी काय, ते पाहू. फुले म्हटली की आपल्याला भाद्रपद आठवतो. कासच्या पठारावर त्या दिवसांत फुले पाहण्यास मोटारींची रांग लागते. चैत्र-वैशाखातील बांधावरच्या फुलांकडे मात्र कोणी ढुंकून पाहत नाही. कारण ती उन्हाने रापलेली, धुळीने भरलेली आणि आपल्या रोजच्या पायाखालची असतात. तरीही ती असतात. पळस आणि पांगारा फाल्गुनात फुलून जातात. कडुनिंबाचा बारीक पांढरा मोहोर चैत्रात येतो. त्याच्या मागोमाग करंज फुलतो आणि त्याच्या खाली जांभळट-पांढऱ्या फुलांचा सडा पडतो. बहाव्याचे घोस वैशाखात लोंबू लागतात. जमिनीलगत भुईरिंगणीची निळी-जांभळी फुले काट्यांतून डोकावतात. तरवड पिवळा होतो, एकदांडीची फुले तर बारा महिने असतात. उन्हाळी नावाचे जे कडधान्य कुळातील झुडूप आहे, ज्याला वैद्य शरपुंखा म्हणतात, ते नावाप्रमाणे ह्या दिवसांतही हिरवे राहते. त्याच्या मुळांवर नत्राच्या गाठी असतात आणि हिरवळीचे खत म्हणून ते शेतात गाडता येते. आपण बियाणे विकत आणून ताग पेरतो आणि बांधावर आपोआप आलेली उन्हाळी जाळून टाकतो!

ह्या फुलांचा पिकाशी काय संबंध, असे कोणी विचारील. ज्याने उन्हाळी कलिंगड, काकडी, दोडका किंवा कारली लावली आहेत त्याने हा प्रश्न विचारू नये. ह्या वेलवर्गीय पिकांत नराचे फूल वेगळे आणि मादीचे वेगळे. कलिंगडाचे मादीफूल एकच दिवस उमलते आणि दुपारपर्यंत त्याचे काम आटोपते. तेवढ्या वेळात मधमाशीने पुरेसे पराग आणून टाकले नाहीत, तर फळ धरत नाही. किंवा धरले तरी एका बाजूने फुगते, दुसऱ्या बाजूने आक्रसते, आणि असे वाकडे फळ व्यापारी बाजूला काढतो. मागे एका बागायतदाराने मला असे वाकडे फळ दाखवून कोणते अन्नद्रव्य कमी पडले असे विचारले होते. त्याच्या रानाभोवतालचे बांध तणनाशकाने पिवळे पडले होते आणि सकाळी आठ वाजता फुलांवर एकही माशी नव्हती. कमी पडले होते ते कोणत्याही पोत्यात मिळत नाही. सातेरी, फुलोरी आणि आग्या ह्या आपल्या मधमाश्यांना कलिंगड फुलण्याच्या आधीचे आणि नंतरचे महिनेही जगावयाचे असतात. ते त्या नीम-करंजावर, तरवडावर आणि एकदांडीवर जगतात. माशीला आपल्या शेतात येण्याचे आमंत्रण फक्त पंधरा दिवसांचे देऊन चालत नाही. महाबळेश्वरजवळचे मांघर हे गाव २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. तेथील पेट्यांचे कौतुक आपण करतो, पण पेटीबाहेरच्या फुलांवाचून ती पेटी रिकामे खोके आहे.

रुईविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही, कारण बांधावरील झुडपांत तिच्याइतकी बदनाम झालेली दुसरी नसेल. रुईच्या शेंड्यावर पिवळा मावा दाटलेला दिसतो आणि तो पाहून शेतकरी घाबरतो. हा मावा रुई-कण्हेरीच्या कुळावर जगणारा आहे. ज्वारीवर किंवा कपाशीवर तो संसार थाटीत नाही. परंतु त्याला खावयास ढालकिडे येतात. शेतात पीक नसताना, म्हणजे त्यांच्या उपासमारीच्या दिवसांत, त्यांतले काही रुईवर तग धरतात आणि पुढे पिकावर मावा आला की तिकडे वळतात. हिरव्या जाळीदार पंखांची क्रायसोपाची माशी आणि किडींच्या अंड्यांत आपली अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या ह्यांना प्रौढपणी फुलातील मध किंवा पराग लागतो. ट्रायकोकार्ड आपण पैसे मोजून आणतो आणि त्यातून बाहेर पडलेल्या माशीला एक फूलही शिल्लक ठेवीत नाही.

ह्याहून विसंगत गोष्ट पक्ष्यांच्या बाबतीत घडते. कपाशीत, तुरीत, हरभऱ्यात पक्षी थांबे उभारा, असे आम्ही दरवर्षी सांगतो आणि शेतकरी बांबूच्या काड्यांचे थांबे रोवतातही. त्यांवर कोतवाल आणि साळुंकी येऊन बसाव्यात, अळ्या वेचाव्यात, ही अपेक्षा. परंतु त्याच शेताच्या बांधावरची बाभूळ मागच्या वर्षी तोडून विकलेली असते. कोतवाल उन्हाळ्यात घरटे बांधतो ते फांदीच्या बेचक्यात, काडीवर नव्हे. पिंगळा झाडाच्या ढोलीत राहतो आणि रात्री किडे व उंदीर टिपतो. घर मोडून दारात खुर्ची मांडली तर पाहुणा कोठून येणार? निंबोळी अर्काचेही तेच. पाच किलो निंबोळीची पूड शंभर लिटर पाण्याला, हे प्रमाण आता गावोगाव तोंडपाठ आहे. पण निंबोळ्या ज्याच्या बांधावर पडतात अशी घरे गावात मोजकी राहिली आहेत.

नांगरट करतानाचा एक अनुभव येथे सांगण्यासारखा आहे. उन्हाळी नांगरट हवीच. कोष व अळ्या वर येतात आणि उन्हाने किंवा चोचीने मरतात. ट्रॅक्टरच्या मागे गायबगळे, कावळे, साळुंक्या ज्या शिस्तीने चालतात ती पाहण्यासारखी असते. परंतु ह्याच दिवसांत टिटवी उघड्या रानात खडे गोळा करून उथळ खळग्यात बहुधा चार अंडी घालते. उन्हाचा ताव वाढला म्हणजे नर-मादी पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणतात आणि अंड्यांवर बसतात. सुमारे चार आठवड्यांनी पिल्ले बाहेर येतात व जवळजवळ लगेच चालू लागतात. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस चांगला होतो, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. कृषी पदवीधर ह्या नात्याने पेरणीची तारीख मी त्यावरून ठरविणार नाही. तरीपण ह्या समजुतीमुळे जुना शेतकरी अंडी कोठे आहेत हे पाहून ठेवीत असे, आणि जे पाहून ठेवले त्यावरून औत नेत नसे. आजच्या ट्रॅक्टरवाल्याला तासाचे भाडे मोजावयाचे असते. त्याला खाली पाहावयास सवड नसते. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली तर मालकाने स्वतः उतरून जागा शोधावी, चार काड्या रोवाव्यात आणि दोन हात जमीन तशीच सोडावी. महिन्याने तेवढी जागा कुदळीने खणता येते. ह्यासाठी कोणतेही अनुदान लागत नाही.

आता ज्या हरकती खऱ्या आहेत त्यांकडे वळतो. पहिली हरकत सापाची, आणि ती घेणाऱ्या बहुतेक स्त्रिया असतात, कारण गवत कापावयास आणि भाजी खुडावयास बांधावर त्याच जातात. एका आजीने मला भर सभेत विचारले, "साहेब, तुम्ही बूट घालून येता. आमच्या सुनांनी काय करायचं?" ह्याला उडवाउडवीचे उत्तर देणे पाप होय. घोणस गवतात दबून बसते आणि तिच्यावर पाय पडला तर जीव जातो. म्हणून ज्या बांधावरून रोजची वाट आहे, विहिरीकडे किंवा गोठ्याकडे जाणारा जो बांध आहे, तो बुडापासून कापून मोकळा ठेवावा. त्यावर गवत राखण्याचा आग्रह मी धरणार नाही. रात्री पाणी देण्यास जाताना पायात बूट आणि हातात विजेरी हवीच. दंश झालाच तर मांत्रिकाकडे न जाता प्रतिविष मिळेल अशा दवाखान्यात तडक न्यावे. घराजवळचा व वाटेचा बांध वेगळा, शिवारातला वेगळा, एवढा विवेक केला तर दोन्ही साधते.

दुसरी हरकत किडींच्या आश्रयाची. तीही अर्धी खरी आहे. पेटारीचे झुडूप कपाशीच्या ठिपक्याच्या बोंडअळीला व पांढऱ्या माशीला थारा देते. कपाशीच्या शिवारात ते उपटलेच पाहिजे. गाजर गवताविषयी तर दयामाया नको. १९५६ मध्ये पुण्याहून ज्याची नोंद झाली ते तण आज बांधावरच्या गवताचा गळा आवळून बसले आहे. पिठ्या ढेकणालाही ते आसरा देते आणि माणसाच्या कातडीला खाज आणते. फुलावर येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटणे हाच त्यावर उपाय. घाणेरी आणि वेडी बाभूळ ह्यांचेही तेच. आणि कपाशीच्या पऱ्हाट्या! २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आपल्या कापूस उत्पादकांचे काय केले ते सर्वांच्या स्मरणात आहे. वाळक्या बोंडांसकट पऱ्हाट्यांचा ढीग उन्हाळाभर बांधावर रचून ठेवायचा आणि शेजारचे करंजाचे रोप मात्र किडीच्या भीतीने तोडायचे, ह्याला स्वच्छता म्हणता येत नाही. पऱ्हाट्यांची विल्हेवाट लावा. बांधाला हात लावण्यापूर्वी त्यावर काय उगवले आहे ते ओळखा.

तिसरी हरकत कोणी बोलून दाखवीत नाही, पण ती सर्वांत जुनी आहे. झुडपे असलेला बांध कोरता येत नाही. जळून उघडा पडलेला बांध दरवर्षी नांगराच्या एका तासाने आत घेता येतो. चार फुटांचा बांध दोन पिढ्यांत हातभर झालेला मी पाहिला आहे, आणि त्या हातभर बांधावरून कचेरीच्या पायऱ्या झिजविणारे सख्खे भाऊही पाहिले आहेत. झाडाच्या सावलीने पीक दबते ही तक्रारही पुष्कळदा ह्याच भांडणाचे दुसरे रूप असते. रब्बीत सूर्य दक्षिणेकडे असतो. म्हणून आपल्या उत्तरेच्या बांधावर झाड लावले तर सावली आपल्यावर पडत नाही, शेजाऱ्यावर पडते, आणि शेजाऱ्यालाही हे कळते! ह्यावर तोडगा एकच : दोघांनी मिळून झाड कोणते व कोठे ठेवायचे ते ठरवावे, पावसाळ्यापूर्वी खालच्या फांद्या छाटाव्यात, झाड व पीक ह्यांच्यामध्ये दीड फूट खोल चर काढून मुळे अडवावीत, आणि निंबोळ्या व जळण अर्धे-अर्धे घ्यावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांना मी मुद्दाम सांगेन, की बांधाची चर्चा एका शेतकऱ्याशी करू नये. दोन्ही बांधकऱ्यांना त्याच बांधावर एकत्र उभे करून करावी.

रानडुकरे व रोही ह्यांनी केलेल्या नासधुशीचा प्रश्न येथे कोणी तरी काढीलच. ती तक्रार रास्त आहे. रात्र रात्र माचाणावर जागून काढलेल्या माणसाला वन्यजीवांचे प्रेम शिकविण्याचा अधिकार मला नाही. नुकसानीची सूचना विहित मुदतीत वनखात्यास द्यावी, पंचनामा करून घ्यावा, आणि ह्या कामी गावातील कार्यकर्त्याने अर्ज लिहून देण्यापासून मदत करावी. परंतु रानडुकराचा कळप चार फुटांच्या बांधात वाढत नाही. तो उसाच्या फडात आणि ओढ्याकाठच्या वेड्या बाभळीच्या जाळीत दडतो. त्याचा राग तित्तिराच्या घरट्यावर काढू नये.

पाण्याविषयीही लिहिले पाहिजे. वैशाखात शिवारातील पाणवठे आटतात आणि ससा, खोकड, पाखरे, मधमाश्या ह्या सर्वांना आपल्याच विहिरीकडे आणि शेततळ्याकडे यावे लागते. प्लॅस्टिकच्या अस्तराचे शेततळे बाहेरून सुंदर दिसते. पण त्याच्या उतरत्या, निसरड्या कडेवरून आत गेलेला प्राणी वर येऊ शकत नाही. प्राणीच काय, पोहता येणारा माणूसही येऊ शकत नाही. आणि शेतावर लेकरे असतात. म्हणून तळ्याभोवती कुंपण, चारही बाजूंस काठावर खुंट ठोकून पाण्यापर्यंत सोडलेला गाठी मारलेला जाड दोर आणि एका बाजूस तळापर्यंत सोडलेली दोराची जाळी किंवा शिडी, एवढे तरी असलेच पाहिजे. तळ्याच्या खर्चाच्या मानाने हा खर्च नगण्य आहे. विनाकठड्याच्या विहिरींचे तेच. आणि कुंपणाबाहेर, ठिबकच्या नळीचे थेंब पडतील अशा जागी एक उथळ पसरट भांडे ठेवावे, त्यात दोन-चार दगड पाण्याच्या वर राहतील असे घालावेत. माशी दगडावर बसून पाणी पिते, बुडत नाही. भांडे खोल असले की सकाळी त्यात मेलेल्या माश्या तरंगताना दिसतात. हे मी स्वतःच्या अंगणात करून पाहिले आहे.

तर मग बांधाचे करावे काय? गवत कार्तिक-मार्गशीर्षात, पाते अजून हिरवट असताना, विळ्याने कापून वैरणीस घ्यावे. बुडखे चार बोटे ठेवावेत. तेव्हा कापले नसेल आणि आता वाळले असेल तर कापून फळझाडांच्या आळ्यात आच्छादन म्हणून पसरावे. जाळाची भीती खरी असल्याने गंजीभोवती आणि गोठ्याभोवती दहा-बारा फूट रुंदीचा पट्टा कुळवून काळा करून ठेवावा. फवारणी करावयाचीच असेल तर संध्याकाळी, माश्या घरी गेल्यावर करावी, आणि तणनाशकाचा पंप बांधाकडे वळवू नये. कोकणातील भातखाचरांत राब भाजण्याची जी चाल आहे तिचा विचार मी येथे केलेला नाही. तो विषय वेगळा आहे आणि तेथील मंडळींनी तो मांडावा.

आणि गावपातळीवरील माझ्या सहकाऱ्यांना विनंती अशी, की फळ्यावर 'बांध स्वच्छ ठेवावेत' हे तीन शब्द लिहू नयेत. काय उपटावे आणि काय ठेवावे ते सभेत सांगण्याऐवजी सकाळच्या वेळी दहा शेतकऱ्यांना घेऊन एका बांधावरून चालत जावे, गाजर गवत व पेटारी हाताने दाखवावी, उन्हाळी व करंज हाताने दाखवावा. अर्धा तास पुरतो.

ज्याला एवढ्याने विश्वास वाटत नसेल त्याने सर्व बांध राखू नयेत. एकाच उताराच्या शेतातील दोन आडवे बांध निवडावेत. एक नेहमीप्रमाणे करावयाचे ते करावे, दुसरा ह्या उन्हाळ्यात जाळू नये. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडून गेला, की दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही बांधांच्या खालच्या अंगाला जावे, तेथे साचलेला गाळ बोटाने मोजावा आणि मोजलेले वहीत लिहून ठेवावे. आबांच्या चुलतभावांनी मागील चार वर्षे हे केले आहे. त्यांची वही मी पाहिली. आणि ह्या वर्षी फाल्गुनात मी त्यांच्या रानात गेलो तेव्हा दोघे भाऊ सामाईक बांधावरचे गवत दोन्ही बाजूंनी कापीत मध्ये येत होते.